विदर्भातल्या जुन्या खाणवस्त्यांचा इतिहास कोण आणि कसा जपणार?

वणीकर_मास्तर

राम राम मंडळी.

वणी, घुग्घूस, माजरी, बल्लारपूर हा पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या पंचक्रोशीतली जुनी भूमिगत खाण बंद होऊन बराच काळ लोटला. चानकावरचं, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरचं, लोखंडी हेडगिअर भंगारात गेलं. लॅम्परूमच्या भिंतीतून पिंपळ निघालाय. मायनर्स क्वार्टरच्या दोन ओळी तेवढ्या शिल्लक आहेत आणि त्यातल्या एकीच्या चौकटी लोकांनी कधीच उपसून नेल्या. ज्यांनी इथे कोळशाचे टब भरले, रूफला म्हणजे खाणीच्या छताला टेकू दिले, ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. दर हिवाळ्यात एखादा कमी होतो.

गावच्या वाचनालयाने एक खोली देऊ केली आहे. थोडी वर्गणी जमेल, पंचायतही काहीतरी देईल. माझं मत असं की, आधी वस्तू गोळा कराव्यात: कॅप लॅम्प, घमेली, सब्बल, जुने फोटो. दिसेल असं काही असलं की पोरं येतात. सहकारी शिक्षकांचं म्हणणं, उरलेल्या क्वार्टरपैकी एक खोली आहे तशी राखावी. पैसा आणि हात दोन्ही कमी आहेत, तेव्हा आधी काय वाचवायचं ते सांगा. आणि केलेलं बघायला कोण येणार, यावरही बोला.

खर्रा_प्रेमी

खोली देऊन राह्यले म्हणजे छत नक्कीच गळत असन. आधी ते पाहा मास्तर. बाकीचं मंग.

रेल्वेवेडा

चांगला धागा. फक्त सुरुवात वणीपासून नको, वरोऱ्यापासून करा. सरकारने वरोऱ्याची कॉलरी १८७१ मध्ये सुरू केली आणि १९०६ मध्ये बंद केली. म्हणजे या पट्ट्यातलं पहिलं 'खाण आली, गाव फुगलं, खाण गेली' हे चक्र आपल्या आज्यांच्या जन्माआधीच पुरं झालं होतं. त्या कोळशासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रूळ टाकले, लाइनचं नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. पुढे ती बल्लारपूरपर्यंत नेली. आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या धडाधडा जातात तो रस्ता मुळात कोळशाने पाडलेला आहे.

वरोऱ्यात कुणालाही आनंदवन विचारा, हात धरून नेऊन सोडतील. कॉलरी कुठे होती विचारा, चहावाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळे एकमेकांकडे बघतात.

पुणेरी_भटक्या

जर्मनीत एसेन शहरात त्सोलफेराइन नावाची कोळशाची खाण आहे. बंद पडल्यावर पाडली नाही, संग्रहालय केलं आणि २००१ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीतही गेली. इंडोनेशियात सावाहलुंतोच्या डच काळातल्या कोळसा खाणींना २०१९ मध्ये तोच मान मिळाला. आपल्याकडे असं का होऊ नये? हेरिटेज वॉक, होम-स्टे, कॉलरी थाळी! मी स्वतः पैसे देऊन येईन.

मीच_तो_वऱ्हाडी

या ना दादा, मे महिन्यात या. सत्तेचाळीस डिगरीत हेरिटेज वॉक करू. अर्ध्या रस्त्यात तुमचाच वारसा व्हाचा बाप्पा.

पुणेरी_भटक्या

डिसेंबरात येतो :)

सावजी_नको_साधं

खाण पर्यटन आपल्याकडे झालेलं आहे, भटक्या. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) आणि एमटीडीसी (राज्याचं पर्यटन महामंडळ) यांनी मिळून २०१६ च्या शेवटी सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची खुली खाण दाखवायला सुरुवात केली होती. आम्ही ऑफिसची मंडळी गेलो होतो. हेल्मेट, बूट, खाली उतरण्याआधी सूचना, सगळं शिस्तीत. पोरं खुश. पण ते चालत्या खाणीचं दर्शन झालं. कोळसा कसा निघतो ते कळतं, कोणी काढला ते कळत नाही. मास्तर जे विचारताहेत ते दुसरं आहे.

ओव्हरमन_निवृत्त

मास्तर, वस्तूंच्या मागे लागू नका. कॅप लॅम्प कुठेही मिळेल, नागपुरात भंगारवाल्याकडे किलोवर मिळेल. आधी कागद वाचवा.

खाणीत 'फॉर्म बी' नावाचं रजिस्टर असतं. खाण कायद्याखाली ठेवावंच लागतं. चांगलं हातभर लांब, कापडी पुठ्ठ्याचं. एका ओळीत एक माणूस: नाव, बापाचं नाव, वय, मूळ गाव, ठाणं, जिल्हा, काम कोणतं, कधी लागला, आणि शेवटी अंगठा. जुन्या रजिस्टरात पानच्या पानं अंगठ्यांची असतात, सही औषधालाही सापडत नाही. एका पानावर बिलासपूर, करीमनगर, गोरखपूर, बालाघाट आणि खाली एखादा वणी तालुक्यातला. काम म्हणून लिहिलेलं असतं लोडर (टब भरणारा), ट्रामर (टब ढकलणारा), टिंबर मिस्त्री, पंप खलाशी. हे सगळे शब्द आता मेले. यंत्र आलं, लोडर गेला.

आमच्या सेक्शनला लॅम्परूममध्ये पितळी टोकन होतं. रुपयाएवढं, वर भोक, मध्ये ठोकलेला नंबर. टोकन द्या, दिवा घ्या. शिफ्ट सुटली की दिवा द्या, टोकन घ्या. बोर्डावर एक खिळा टोकनवाला राहिला, म्हणजे त्या नंबरचा दिवा परत आलेला नाही, म्हणजे माणूस अजून खालीच. मग ओव्हरमन आणि सिरदार, म्हणजे खालच्या कामावर देखरेख करणारे, हातातला चहा टाकून परत उतरायचे. असा बोर्ड मिळाला तर जरूर ठेवा, ती एक वस्तू मी मान्य करतो. पण नंबर कोणाचा होता ते रजिस्टरशिवाय कळणार नाही.

१९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. त्याआधी खाजगी मालक आणि ठेकेदार. त्या काळचे कागद तर जवळजवळ गेलेच. जे आहेत ते कुठल्या तरी बंद ऑफिसच्या माळ्यावर वाळवी खाते आहे. आधी तिथे जा.

वणीकर_मास्तर

साहेब, हे फार मोलाचं. फॉर्म बी हे नाव ऐकून होतो, त्यात गाव-ठाणं असतं हे ठाऊक नव्हतं. अशी रजिस्टरं मागायची कोणाकडे?

ओव्हरमन_निवृत्त

लेखी अर्ज, वाचनालयाच्या लेटरहेडवर, वेकोलिच्या एरिया ऑफिसातल्या पर्सोनेल विभागाकडे. मूळ प्रत देणार नाहीत, मागूही नका. फोटो काढू द्या म्हणा. जुन्या बाबूला सोबत घेऊन जा, त्याला कपाट माहीत असतं.

घुग्घूसची_सून

काकांना पूर्ण मान देऊन सांगते. रजिस्टरात लिहिलंय तोच माणूस खाली उतरत होता, असं गृहीत धरून चालू नका.

माझे सासरे जन्मभर दुसऱ्याच्या नावावर खाणीत उतरले. ज्याला काम लागलं होतं तो बिलासपूरकडचा माणूस महिनाभरात घाबरून गावी पळाला. त्याची जागा सासऱ्यांनी काही रुपये देऊन घेतली. तेव्हापासून पगारपत्रकावर एक नाव, लग्नपत्रिकेवर दुसरं. कॉलनीत सगळे त्यांना कागदावरच्या नावाने हाक मारायचे, घरी आत्याबाई आल्या की खऱ्या नावाने. माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव कुठलं लिहायचं यावरून घरात झालेलं भांडण अजून सांगतात. सासरे वारले तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि ऑफिसातलं नाव जुळेना. सासूबाईंनी कागदोपत्री परक्या माणसाची विधवा व्हायचं कबूल केलं तेव्हा कुठे पैसे मिळाले.

असं एकट्या आमच्या घरात नाही झालं. आमच्या ओळीत निदान तीन घरं तशी होती. तुम्ही रजिस्टर काचेत ठेवाल, त्यात माझ्या सासऱ्यांचं नाव नसेल.

ब्लॅकडायमंड_बल्लारपूर

ताई, शंभर टक्के खरं. आमच्याकडे एक काका होते, कागदावर साठ पूर्ण होऊन रिटायर झाले तेव्हा त्यांच्या आईने त्यांना 'पन्नाशीच नाही झाली तुझी' म्हणून रडत विचारलं, साहेबाने तुला काढलं का रे. ज्याच्या नावावर लागले होते तो वयाने मोठा होता.

मीच_तो_वऱ्हाडी

आणि उलटंबी हाय. वय कमी लिवून सत्तरीपर्यंत डुट्या करणारे आमच्या गल्लीत हाय.

दस्तऐवज

मी एका जिल्ह्याच्या जुन्या दप्तरावर काम करते, म्हणून थोडं सांगते.

सूनबाईंनी सांगितलं त्याने रजिस्टर निरुपयोगी ठरत नाही, उलट त्याची किंमत वाढते. पण एकटं ठेवलं तर ते फसवेल. प्रत्येक ओळीसमोर 'गावात याला काय म्हणत' हा रकाना आपण वेगळ्या वहीत करायचा. मूळ पानावर एक अक्षरही लिहायचं नाही, पेन्सिलनेसुद्धा नाही.

फोटो मोबाईलने चालतील. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. पान वाकडं असेल तर दाबून सपाट करू नका, शिवण तुटते. आणि हात जोडून विनंती, लॅमिनेशन करू नका. प्रत्येक गावात एक उत्साही माणूस असतो जो आजोबांचा सगळ्यात जुना कागद लॅमिनेट करून आणतो, आणि आत ओल राहून तो कागद प्लास्टिकमध्येच काळा पडतो.

इंटरनेटवर मात्र सरसकट टाकू नका. अंगठे आणि पत्ते असलेली पानं आहेत, त्यातली माणसं किंवा त्यांच्या बायका हयात आहेत.

तुमसरची_लेक

सगळे कोळशातच बुडालात. भंडारा-नागपूरचं मँगनीज कोणाच्या खात्यात?

मनसरला १९०० च्या सुमारास मँगनीज निघायला लागलं. मग कांद्री, खाप्याजवळची गुमगाव, आमच्याकडे चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी. रशियातला पुरवठा १९०५ च्या गोंधळात ढासळला तसे इथले भाव असे चढले की शेतात काळा दगड दिसला की लोक खाणीचा पट्टा मागायला धावायचे. दोन-तीन वर्षांत भाव कोसळले आणि त्यातले निम्मे गायब. रामटेकचा रेल्वेफाटा, तुमसर-तिरोडी लाइन, हे सगळं त्या काळ्या दगडापायी आलेलं. माल आधी मुंबईला जायचा, १९३३ मध्ये विशाखापट्टणमचं बंदर उघडल्यावर तिकडे वळला. सरकारी कंपनी १९६२ ची, तिचं मुख्यालय नागपुरात. डोंगरीचा माल बॅटरीच्या सेलमध्ये जातो. तुमच्या घरच्या भिंतीवरच्या घड्याळात आमचं गाव असेल.

पण मला बोलायचंय ते बायांबद्दल. मँगनीजच्या खाणीवर छाटणी बायांची. आईची आई करायची. बसून हातोडीने दगड फोडायचा, काळाभोर एका बाजूला, गारगोटीचा दुसऱ्या बाजूला. वजनावरून ओळखायची, डोळे मिटून. मँगनीज हातात जड लागतं. तिच्या उजव्या हाताची नखं शेवटपर्यंत काळीच होती, कितीही घासा. मजुरी मापावर, आणि माप घेणारा बाप्या. आता तुमच्या त्या खोलीत सब्बल आणि टोपी ठेवाल, म्हणजे पुरुषांची खाण तयार.

भूशास्त्र_बीएस्सी

तुमसरच्या ताईंना जोड. फर्मर नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ काढला. त्यात हा सगळा पट्टा खाणीखाणीने नोंदवलाय. गोंडाइट हे खडकाचं नाव त्यानेच दिलं, गोंडांवरून. व्रेडेनबर्गाइट हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं ते नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीचं. कोळशासाठी ह्यूजचा वर्धा खोऱ्यावरचा १८७७ चा अहवाल आहे. दोन्ही आता फुकट वाचायला मिळतात. मास्तर, एका भिंतीवर फक्त दगड ठेवा, नावानिशी. ओव्हरबर्डनच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, म्हणजे 'ओबी'च्या) ढिगाऱ्यावर पानांचे ठसे असलेले दगड पोरंच आणून देतील. खर्च शून्य.

पुणेरी_भटक्या

बाया भूमिगत खाणीतही उतरायच्या का? मला वाटायचं कायद्याने बंदी होती.

तुमसरची_लेक

उतरायच्या. हळूहळू कमी करत १९३७ मध्ये पूर्ण बंदी आणली. मग महायुद्धात कोळसा कमी पडला तशी १९४३ मध्ये मध्य प्रांतासकट काही प्रांतांत ती उठवली आणि १९४६ मध्ये परत घातली. गरज होती तेव्हा बाई चालली. आता २०१९ मध्ये पुन्हा नियम सैल झालेत आणि इंजिनिअर मुली खाली जाताहेत, पेपरात फोटो येतात 'इतिहासात प्रथमच'. माझ्या आजीच्या पिढीतल्या कोणी तो पेपर वाचला असता तर हसून लोळली असती.

झाडीपट्टी

थोडं कडू बोलतो, राग नको.

'वैभवशाली खाणवस्ती' हा सूर या धाग्यावर हळूहळू चढतोय. वैभव कोणाचं? बॅडमिंटन कोर्ट आणि क्लब साहेबांचा. मजुराला एक खोली आणि सामायिक नळ. आणि खाणीखाली जी गावं गेली त्यांचं काय? आमच्या मामाचं गाव ओबीच्या डोंगराखाली आहे. शब्दशः खाली. मारुतीचं देऊळ, बोरीची झाडं, मामाच्या बैलांचा गोठा, सगळ्यावर शंभर-दोनशे फूट माती. जमिनीच्या बदल्यात घरटी एकाला नोकरी मिळाली, दोन भावांत त्यावरून आयुष्यभराचं वैर झालं. बहिणींना तर कोणी विचारलंच नाही.

संग्रहालयात खाणीचा नकाशा लावाल तेव्हा त्याच्या शेजारी खाण यायच्या आधीचा गावनकाशा लावा. भूमी अभिलेख कार्यालयातून पैसे भरून नक्कल मिळते. शेतांची नावंसुद्धा लिहा. लोक सांगतात अजून: चिंचेचं वावर, म्हसोबाची पट्टी.

ओव्हरमन_निवृत्त

झाडीपट्टी, तुमचं दुःख खरं आहे. पण क्लब फक्त साहेबांचा होता हे पटत नाही. आमच्याकडे मायनर्स इन्स्टिट्यूट होतं, तिथे कामगारांचीच नाटकं व्हायची, वाचनालय होतं, कॅरमच्या स्पर्धा व्हायच्या. शेतात वर्षाला दोन धोतरं मिळणाऱ्या सालदाराच्या पोराला दर महिन्याला पगार, दवाखाना आणि शाळा खाणीने दिली. माझा बाप सालदार होता. मला विचारा, वैभव होतं की नाही.

झाडीपट्टी

तुमच्या बापाला सालदार कोणी केलं होतं, हा दुसरा धागा होईल. पण मान्य. दोन्ही लिहा, इतकंच म्हणतो.

जिज्ञासू_चंद्रपूर

अवांतर: टाटांचा लोखंडाचा कारखाना चंद्रपुरात होणार होता हे खरं की व्हॉट्सॲप?

रेल्वेवेडा

अर्धं खरं. १८८२ मध्ये फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला की चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचं लोखंड उत्तम आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा. जमशेटजींनी तो वाचला आणि विषय डोक्यात घेतला. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना, आणि सरकारी नियमही आडवे आले. १९०४ मध्ये वेल्ड नावाचा अमेरिकन भूशास्त्रज्ञ लोहाऱ्याच्या जंगलात फिरला. त्याचं मत पडलं की खनिज चांगलं आहे, पण मोठ्या कारखान्याला पुरणार नाही. मग शोध पुढे दल्ली-राजहऱ्याकडे आणि शेवटी मयूरभंज, साकचीकडे सरकला. म्हणजे 'होणार होता' नाही, 'होईल का हे तपासलं गेलं होतं'.

मीच_तो_वऱ्हाडी

म्हणजे स्थळ पाहून गेले, चहापोहे खाल्ले, अन् 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच.

झाडीपट्टी

वैरागडच्या हिऱ्यांचंही तसंच. ऐन-इ-अकबरीत वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. आज तिथे किल्ला आणि गावातले लोक आहेत, हिरा कोणी पाहिलेला नाही. बूमटाउन ही काही इंग्रजांची नवलाई नव्हे.

ब्लॅकडायमंड_बल्लारपूर

मास्तरांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. मी म्हणेन आवाज जपा.

आमच्या कॉलनीत सकाळचा भोंगा वाजला की कोणाच्या घरी कुठल्या भाषेत पोरांना उठवतात ते ऐकू यायचं. तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी, गोंडी, मराठी. नवरात्रात एका टोकाला तेलुगू बायांचा बतकम्मा, दुसऱ्या टोकाला छत्तीसगढी जस गीत, मध्ये आमची शारदा. आणि पोरांची भाषा या सगळ्याची खिचडी, जी फक्त कॉलरीत चालते, मावशीकडे अमरावतीला गेलो की लोक तोंडाकडे बघायचे. पगाराच्या दिवशी खिडकीसमोर दोन रांगा. एक पगार घेणाऱ्यांची, दुसरी त्यांच्याकडून वसूल करणाऱ्यांची. सावकार, किराणावाला, दारूभट्टीवाला. पहिल्या रांगेतून निघालेला माणूस दुसरी पार करून घरी पोचेपर्यंत पाकीट निम्मं. बायका म्हणून पोरांना आधीच खिडकीपाशी पाठवायच्या. मी स्वतः बापाच्या शर्टाला धरून उभा राहिलोय.

हे कुठल्या रजिस्टरात येणार? मोबाईल ठेवा समोर आणि म्हाताऱ्यांना बोलू द्या. मुलाखत म्हणू नका, घाबरतात. दोघं-तिघं एकत्र बसवा, एकमेकांचं खोटं पकडतात आणि खरं बाहेर येतं.

खर्रा_प्रेमी

सोबत सुपारी-तंबाखूचा खर्रा ठेवा. दोन तास हलनार नाही. फक्त रेकॉर्डिंग काई समजनार नाही.

जुना_सर्व्हेअर

हा धागा आत्ताच पाहिला. एक बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो.

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. खोल, पूर्ण घर. घरची माणसं वेळेत बाहेर आली म्हणून वाचली. आजूबाजूची कितीतरी कुटुंबं हलवावी लागली. खाली इंग्रजांच्या काळातल्या जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळ्या.

भूमिगत काम कसं असतं ते थोडक्यात. कोळशात गल्ल्या पाडत जायचं, मधे चौकोनी खांब सोडायचे, छत त्यांच्यावर. शेवटी परत येताना ते खांबही काढतात, त्याला डिपिलरिंग. मग छत बसतं, ती जागा म्हणजे गोफ. जिथे खांब काढले आणि वाळू भरली नाही तिथे वरची जमीन कधीतरी बसणारच. जिथे खांब सोडले पण लहान ठेवले, तिथे पन्नास-साठ-शंभर वर्षांनीही बसू शकते. खाण सोडताना अखेरचा नकाशा खाण सुरक्षा खात्याकडे द्यावा लागतो, पण जुन्या मालकांच्या काळात किती नकाशे खरे होते हा वेगळा विषय. ठेकेदार हद्दीबाहेर जाऊन कोळसा काढायचे आणि नकाशात दाखवायचे नाहीत.

त्यामुळे म्हाताऱ्यांना बसवाल तेव्हा बतकम्माबरोबर हेही विचारा: इन्क्लाइनचं (खाणीत उतरणाऱ्या तिरप्या बोगद्याचं) तोंड कुठे होतं, हवेची चानक कुठे, गल्ली कुठल्या शेताखालून गेली, कुठे पाणी लागलं म्हणून काम सोडलं. त्यांना घेऊन प्रत्यक्ष फिरा आणि मोबाईलवर ठिकाण नोंदवा. गावठाणाखाली काय आहे हे सांगणारा शेवटचा माणूस आज जिवंत आहे. तुमच्या खोलीतला हा एकच नकाशा असा असेल जो बघायला तहसीलदार स्वतः येईल.

सावजी_नको_साधं

'बघायला कोण येणार' याचं उत्तर मिळालं :)

वणीकर_मास्तर

मंडळी, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. कॅप लॅम्पची यादी बाजूला ठेवतो. दिवाळीनंतर म्हाताऱ्यांना घेऊन शिवार फिरणं पहिलं, सर्व्हेअर साहेबांनी सांगितलं तसं. सोबत फॉर्म बीसाठी अर्ज. जुन्या गावनकाशाची नक्कल. छाटणीवर काम केलेल्या बाया आमच्याकडे नाहीत, पण खाणीच्या वरच्या कामावर, कोळसा वेचायला आणि वाळू भरायला होत्या, त्यांच्याकडे शाळेतल्या दोन बाईच जातील.

अडचण आता वेगळी आली आहे. काल सहज एका आजोबांशी बोललो. मोकळे होते. रजिस्टर आणि खऱ्या नावाचा विषय काढल्याबरोबर उठून आत गेले. सूनबाई, तुम्ही काय म्हणता?

घुग्घूसची_सून

जाणारच. सासूबाईंची पेन्शन अजून त्याच कागदी नावावर येते. उद्या तुमच्या वहीत 'खरं नाव अमुक' असं लिहिलं आणि कोणी हितशत्रूने त्याचा फोटो काढून पाठवला तर? इतिहास तुमचा होईल, दूध-किराणा त्यांचा बंद होईल. मी इथे टोपणनावाने लिहितेय म्हणून बोलले.

ओव्हरमन_निवृत्त

बाई बरोबर बोलतात. मला स्वतःला माझ्या सेक्शनमधले कितीतरी ठाऊक आहेत. तेव्हा डोळेझाक केली, आता तोंड उघडणार नाही.

झाडीपट्टी

म्हणजे परत तेच. खोटं नाव काचेत, खरं नाव मातीत.

दस्तऐवज

नाही, यावर रीत आहे. दप्तरखान्यात बंद मुलाखती असतात. माणूस बोलतो, आपण लिहितो किंवा रेकॉर्ड करतो, आणि त्याच्यासमोर पाकिटात घालून सील करतो. वर त्याच्याच म्हणण्याप्रमाणे अट: मी आणि माझी बायको गेल्यानंतर, किंवा अमुक सालानंतर उघडावं. त्याची सही नाहीतर अंगठा. खोलीत ठेवू नका. पाकिटावर खरं नाव नको, कागदी नावही नको, फक्त नंबर. नंबरांची यादी दुसरीकडे, दोन विश्वासू माणसांकडे. तोवर भिंतीवर एवढंच लिहायचं की या खाणीत बरेच लोक दुसऱ्याच्या नावावर काम करत. त्याने कोणाची पेन्शन जात नाही.

घुग्घूसची_सून

हे चालेल. सासूबाईंना विचारते. त्यांनी हो म्हटलं तर नंबर एक आमचा.

ब्लॅकडायमंड_बल्लारपूर

नंबरासाठी त्यांच्या जुन्या टोकनचाच नंबर वापरू नका हं. सगळ्या कॉलनीला पाठ असतात.

ओव्हरमन_निवृत्त

मास्तर, यादीवाल्या दोघांत मला धरा. आणि पाकिटं डझनाने आणू नका, गठ्ठाच आणा.